पट्ट्यांखाली काय घालायचं

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, लवकर चालवा, नाहीतर त्या पडूनच राहतील. सांगायला काय जातंय! आई पडली होती ती तिच्याच खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर, आणि आता त्या फरशीला पाय लावायला ती तयार नव्हती. वॉकर पलंगाशी उभा असायचा आणि त्यावर तिचा टॉवेल वाळत पडलेला असायचा. मी शाळेतून शिकवून, बोलून बोलून घसा बसवून यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "आई, चार पावलं तरी टाक." ती खाली बोट दाखवायची. "त्या काचंवर मी न्हाय उतरत." रोज हेच. एक दिवस ती चालायचं कायमचं सोडून देईल, ही भीती माझ्या मनातून जात नव्हती.

शेवटी फरशी न उखडता तिच्यावर व्हिनाइलच्या कडक पट्ट्या बसवायचं ठरवलं. त्या एकमेकींत अडकवून बसवतात, आणि पाय घसरत नाही. रंग पसंत केला आणि वाटलं, चला, सुटले. तर दुकानदाराने विचारलं, "खाली काय घालायचं?" तळमजला आहे, ओल वर येऊ नये म्हणून प्लास्टिकचा कागद लागणारच होता. पण कागद आणि पट्टी यांच्यामध्ये आणखी एक थर असतो म्हणे. त्याने दोन तुकडे पुढे ठेवले. एक पांढरा, जाड, मऊ फोम. दुसरा काळा, पातळ, रबरासारखा घट्ट. मला विचार करायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, घरी नेते, ठरवून सांगते.

तिथेच चुकलं. आमच्या नात्यागोत्यात ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला प्रत्येक घरातून कुणीतरी यावंच लागतं. नाही आलं तर त्याचा राग पुढच्या लग्नात निघतो. राधानगरीकडचे आले, चंदगडकडचे आले. शहाळी आली, केळी आली, बिस्किटांचे पुडे ठेवायला फडताळात जागा उरली नाही. चहा करून करून मी मेटाकुटीला आले. आणि येणारा प्रत्येक जण आईची विचारपूस झाली की ते दोन तुकडे उचलायचा आणि गादी घ्यायला आल्यासारखा अंगठ्याने दाबून बघायचा. पांढऱ्यात अंगठा रुतला की मान डोलवायचा. काळा तुकडा तसाच खाली पडायचा.

आईची धाकटी बहीण, माझी मलकापूरची मावशी, तर मुक्कामालाच आलेली. "मी सांगतो तुला, जाडच घाल. पडली तरी लागायचं न्हाय." सगळ्यांचं एकमत झालं. एवढं एकमत आमच्या घरात पूर्वी कधी झालेलं मला आठवत नाही. आई पलंगावरून सगळं ऐकत होती. तिच्या हातात मात्र कुणीही तुकडा दिला नाही.

पांढरा फोम घातला. वर पट्ट्या बसल्या, खोली देखणी झाली. आईने वॉकर धरला, उभी राहिली, पाऊल टाकलं. पट्टी दबली आणि पट्ट्यांच्या सांध्यातून 'टक' असा आवाज आला. आई मटकन खाली बसली, सुदैवाने पलंगावरच. "हालतंय की गं! ह्येच्यापेक्षा ती फरशी बरी." आठवडाभरात पलंगाच्या पायापाशी दोन पट्ट्यांमध्ये फट पडली.

कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, "तुमीच मऊ पायजे म्हणलासा की, ताई. मऊवर पट्टी दबती, मग लॉक सुटतंय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"एवढी पावणं मंडळी सांगत हुती. मी काय बोलू?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि रडले. पुन्हा पलंग हलवायचा, पुन्हा आईला बाहेरच्या खोलीत न्यायचं, पुन्हा ती धूळ. मला कशाचीच ताकद उरली नव्हती.

डोळे पुसून बाहेर आले आणि तो काळा तुकडा आईच्या पायाशी ठेवला. तिने त्यावर टाच टेकवली, जोर दिला, बराच वेळ तशीच बसली. "ह्यो घाल. पाय कुठं टेकला ते कळतंय." सगळं उचकटलं. काही पट्ट्या मोडल्या, त्या नव्या आणल्या.

या वेळी आई उठली तेव्हा खालून आवाज आला नाही. एक पाऊल, मग दुसरं. मी दोन्ही हात पुढे करून तिच्या मागे मागे. ती पलंगापासून दारापर्यंत गेली आणि थांबेना. पट्ट्या उंबऱ्याशी संपत होत्या.

"आई, थांब! पुढे तीच फरशी आहे."

"दिसतंय मला." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "आन् हात खाली घे आधी. समदी मिळून माझ्या पडायचीच तयारी करालाय व्हय?"

वॉकर गुळगुळीत फरशीवर टेकला. मी हात खाली घेतले. पुढे चालत जाणारी आईची पाठ मी कितीतरी दिवसांनी बघत होते.