काकूच्या साडीचा निळा

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या वहिनीचा. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आमच्याकडे नवऱ्याचा धाकटा भाऊ कितीही लहान असला तरी वहिनी त्याला 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणते. तोवर मला कुणी 'तुम्ही' म्हटलेलं नव्हतं. गावात मी 'ए' होतो आणि घरात 'बे'. "भाऊजी, तुमी जेवले काय?" असं तिनं विचारलं तेव्हा आपल्यामागे कोण मोठं माणूस उभं आहे हे मी वळून पाहिलं. मी मात्र तिला पहिल्यापासून 'तू' म्हणत आलो.

मी कोळशानं भिंती काळ्या करायचो आणि त्याबद्दल आईचा मार खायचो. वहिनीनं खिडकीखालचा भिंतीचा तुकडा मला देऊन टाकला. "इथं काढा. बाकी भितीले हात लावाल तं मीच सांगन आत्याबाईले." चित्रांनी तो तुकडा भरून गेला की ती सारवून घ्यायची आणि मला पुन्हा कोरी जागा मिळायची.

भाऊ दारव्हा–आर्णी रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवतो. माझी बारावी झाल्यावर तो म्हणाला, "आता शिकून कोणता कलेक्टर होऊन राह्यला बे तू? गाडीवर ये. सवारी भर."

वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सवारी भराले तुमी एकटे लय झाले. त्याइले कॉलेजात जाऊ द्या."

"अन् फेल झाला तं?"

"तं मग मी येतो गाडीवर. बाई पाहून सवारी बी जास्त येईन."

भाऊ हसला आणि तिथंच तो विषय मिटला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या हसण्यामुळे, असं मला अजूनही वाटतं.

बी.ए. झाल्यावर मी दारव्ह्याला एका फ्लेक्सच्या दुकानात लागलो. वाढदिवस, निवड, भावपूर्ण श्रद्धांजली अशी कामं असायची. संगणकावर रंग भरायला मी तिथंच शिकलो. दुकानाचा मालक सांगायचा, "रंग कडक ठेव. मोटरसायकलवरून जाणाऱ्याले दिसला पाह्यजे." नमुना गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवायचा, तिकडून अंगठा आला की छापायचं. छापून आलेला रंग पडद्यावरच्या रंगाशी कुणी लावून पाहत नसे. बॅनर दोन दिवसांत उतरायचा, मग पाहणार कोण?

पुढे मी जुना टॅब्लेट घेतला आणि मुलांसाठी चित्रं काढून इंटरनेटवर टाकू लागलो. ती पाहून पुण्याच्या एका प्रकाशनातल्या संपादक बाईंनी गोष्ट पाठवली. एका मुलीची बकरी कपाशीच्या वावरात हरवते, ती आणि तिची काकू संध्याकाळपर्यंत तिला शोधतात, एवढीच गोष्ट. चित्रं माझी. त्या रात्री मी वहिनीला म्हणालो, "काकू तू होशील काय?"

"म्हणजे काय करा लागते?"

"काही नाही. बकरी शोधायची."

"बकरी हाय कुठं?"

"बकरी नाही."

"मग खोटी-खोटी शोधू कशी? लोकं म्हणतीन, हिच्या डोक्यावर परिणाम झाला."

तरी ती आली. पदर कमरेला खोचून बाजेखाली वाकली, वावरात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत उकिडवी बसली, कपाळावर हात धरून लांब पाहिलं. मी मोबाईलवर फोटो काढत होतो आणि ती मधूनच "या बकरे, या" म्हणून मला हाक मारत होती.

चित्रपुस्तकाचं काम बाहेरून वाटतं तसं रंगांनी सुरू होत नाही. आधी सगळी पानं अंगठ्याएवढ्या चौकटींत कागदावर काढायची, म्हणजे गोष्ट कुठं धावते आणि कुठं थांबते ते कळतं. मग टॅब्लेटवर मोठं कच्चं रेखाटन. टॅब्लेटवर चित्र थरांमध्ये होतं. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर: खाली माती, वर झाडं, त्यावर माणसं. एक थर पुसला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. मी आधी सगळं फक्त करड्या रंगात रंगवतो, उजेड कुठून येतो हे ठरवायला. वहिनीनं स्वतःला असं करडं पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, हा तं मेल्यावरचा फोटो वाटून राह्यला."

"अजून रंग भरायचा आहे."

"मग मले निळी नेसवा."

तिची एक निळी साडी आहे, जयंतीला नेसते ती. विहारावरच्या निशाणाच्या निळ्याच्या जवळ जाणारी. भिंतीवर लावावा असा तिचा एकटीचा फोटो आमच्या घरात नाही. लग्नाच्या अल्बममध्ये आहे तो घोळक्यातला, तोही मान खाली घातलेला. पुस्तकात आपण असणार, आणि निळ्या साडीत असणार, हे तिनं मनावर घेतलं होतं.

मी टॅब्लेट तिच्या मांडीवर ठेवला. रंग निवडायचं चाक उघडून दिलं आणि बोट कसं सरकवायचं ते दाखवलं. ती खूप वेळ सरकवत राहिली. एक फिका झाला, एक काळपट झाला. मग बोट चाकाच्या अगदी काठाशी जाऊन थांबलं. "हा. हाच."

तो निळा पडद्यावर पेटल्यासारखा दिसत होता. साडीच्या थरात मी तोच भरला. काकू पुस्तकाच्या जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, म्हणून तो निळा सगळीकडे गेला. दुकानात शिकलो होतो तसं बाकीचंही मी कडक ठेवलं. तुरीची फुलं पिवळीजर्द, पानं हिरवीगार.

चित्रं पुण्याला गेली. संपादक बाईंची मेल आली, की काम फार आवडलं, पण निळा छपाईत थोडा बदलेल, छापील नमुना कुरिअरनं पाठवला आहे, तो पाहून कळवा. बदलेल म्हणजे काय होईल हे मला समजलं नाही. विचारता आलं असतं. पण त्यांच्या मेलमधलं मराठी इतकं स्वच्छ होतं आणि त्यांनी मला 'कलाकार' म्हटलं होतं, त्यामुळे विचारायची लाज वाटली. नमुना दारव्ह्याच्या कुरिअर ऑफिसात पडून राहिला. मी मेलमधली फाईल टॅब्लेटवर उघडून पाहिली, निळा होता तसाच पेटलेला होता, आणि कळवून टाकलं, "ठीक आहे."

पडद्यावरचा रंग म्हणजे उजेड असतो. कागदावर चार शाया असतात. त्या चार शाया मिसळून जेवढे रंग होतात तेवढेच छापता येतात, आणि चाकाच्या काठावरचा तो निळा त्यांच्यात बसतच नाही. यंत्र मग जवळचा सापडेल तो रंग घेतं. हे मला पुस्तकाचं पार्सल फोडल्यावर कळलं. काकूची साडी वांग्याच्या रंगाची झाली होती, तीही उन्हात वाळवून वाळवून उडालेल्या वांग्याच्या. भोवतीची तूर आणि हिरवळ मात्र ठणठणीत होती, त्यामुळे साडी आणखीच मेलेली दिसत होती.

वहिनीनं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. पानं उलटली. "मस्त झालं," ती म्हणाली. मग, "बकरी तं लय गोड काढली." मी म्हणालो, साडीचा रंग थोडा वेगळा आला. "येते," ती म्हणाली आणि पुस्तक पिशवीत घातलं.

तेव्हा विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं, ग्रंथवाचन सुरू होतं. दुपारी बायका तिथं जमायच्या. वाचन संपल्यावर ती तिथं पुस्तक दाखवणार हे गावाला आधीपासून माहीत होतं, कारण तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं. ती मलाही घेऊन गेली. मी बाहेर चपलांजवळ थांबलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"दाखव वं, दाखव. हे तूच होय काय?"

"अवो माय, नाक पाह्य, हुबेहूब."

"नवऱ्याले दाखोलं काय? म्हणाव, आता सवारीचं भाडं देऊन भेटाले ये."

हशा झाला. मग शेजारच्या म्हाताऱ्या काकींचा आवाज आला. त्यांना अजून सुईत दोरा ओवता येतो. "काहून वं, तू तं निळी, निळी करत होती महिनाभर. हे तं वांगं हाय."

मी चपलांकडे पाहत होतो.

"जुनी साडी हाय ते काकी," वहिनी म्हणाली. "मीच सांगतलं भाऊजीले, जुनी दाखवा. बकरी शोधाले कोणी नवी निळी नेसून जाते काय? काट्यात फाटली तं?"

"हे बी खरं हाय," कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

बाहेर आली तेव्हा ती नेहमीसारखीच होती. वाटेनं तिनं मला सोयाबीनचं काय करायचं ते विचारलं. मी उत्तर दिलं. साडीचं बोलायला मला ती वाट पुरली असती, पण मी बोललो नाही. पुढच्याच आठवड्यात नवीन कामासाठी मी यवतमाळला खोली घेऊन राहायला गेलो.

घरी फोन एकच आहे, भावाचा. तो स्पीकरवर लावून सगळ्यांसमोर ठेवतो. म्हणून शेवटी मी पत्र लिहिलं. वहिनीला वाचता येतं, फक्त सावकाश, म्हणून अक्षर मोठं काढलं. जसं पाठवलं तसंच इथं देतो.

"प्रिय वहिनी,

सप्रेम जयभीम. मी बरा आहे. खोलीत पाणी येतं. डबा एका बाईंकडून येतो, भाजीत तेल जास्त असतं.

साडीबद्दल लिहायचं आहे. तू जो निळा निवडलास तो कागदावर छापताच येत नाही. ही तुझी चूक नाही. मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत करून घ्यायची संधी मला दिली होती. नमुना दारव्ह्यापर्यंत आला होता, मी आणायला गेलो नाही. गेलो असतो तर तो घेऊन तुझ्याजवळ बसलो असतो, आणि कागदावर येतात त्यांतला दुसरा निळा तूच निवडला असतास. आजूबाजूचे रंग जरा दाबले असते तर तोही उठून दिसला असता. हे मी आता शिकलो. शिकायला तुझी साडी गेली याचं वाईट वाटतं.

संपादक बाईंना मी कळवलं. पुस्तक पुन्हा छापलं तर दुरुस्त करू म्हणाल्या. पुन्हा छापतील की नाही ते सांगता येत नाही, म्हणून मी तुला वचन देत नाही. गावात जी पुस्तकं आली आहेत ती तशीच राहतील.

त्या दिवशी विहारात तू काकींना जे सांगितलंस ते मी बाहेरून ऐकलं. तू मनापासून नेसवून घेतलेली साडी तुला बायकांसमोर जुनी म्हणावी लागली, ती माझ्यासाठी. शाळेत, घरात, भावासमोर तू मला असंच सांभाळून घेत आलीस. पण आता मी मोठा झालो आहे आणि हे काम माझं आहे. पुन्हा कुणी विचारलं तर खरं सांग. सांग की मी निळीच मागितली होती, भाऊजीनं बिघडवली."