न गाळलेलं सीरम

एफी पेट्री सोळाव्या वर्षी डंडी शहरातल्या एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली आणि बावन्नाव्या वर्षी माणसाच्या पेशी वाढवण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. दुसऱ्यांकडे माना टाकणाऱ्या पेशी तिच्याकडे तग धरत.

तिचा धाकटा भाऊ मर्डो सुतारकाम करायचा. आधी त्याच्या हातून पटाशी निसटू लागली, मग चहाचा कप. मज्जातंतूंचं दुखणं निघालं, बरं न होणारं. एफीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. नेस्बिट यांचं काम नेमकं त्याच आजारावर चाललं होतं, म्हणून मर्डोनं पेशी वाढवायला कातडीचा तुकडा दिला. तिथं नावं नसत, नुसते क्रमांक.

"त्यातला मी कुठला गं?" तो विचारायचा.

"सगळ्यात हट्टी असेल तो."

एफी पेशींना नेहमीपेक्षा किंचित जड अमिनो आम्लं खाऊ घालायची. त्यानंतर पेशीत घडणारं प्रथिन जड, आधीचं हलकं. ठरल्या तासांनी पेशी फोडायच्या, केंद्रकातला ऐवज एकीकडे, बाहेरचा दुसरीकडे काढायचा आणि यंत्रावर वजन करून बघायचं, की जुनं किती उरलंय आणि कुठं.

रुग्णांच्या पेशींत एक प्रथिन केंद्रक सोडून बाहेर साचलेलं दिसलं, शिवाय जुनं झालं तरी ते हटत नव्हतं. नेस्बिटनी रुग्णांच्या सभेत सांगितलं, "हा साठा हलवणारं औषध आहे. वसंतात चाचणी सुरू करू."

मर्डोला तोवर खिमा-बटाटा गिळतानाही ठसका लागत होता. नर्स म्हणाली, पोटात नळी बसवून घ्या, अन्न थेट आत जाईल.

"पोटाला भोक? मी काय चिमण्यांच्या घरट्यासाठी ठोकलेली पेटी आहे?" मर्डो म्हणाला. "वसंतात औषध येतंय." एफीनं आग्रह केला नाही. आकडे तिच्याच हातचे होते.

जानेवारीत सीरम, म्हणजे पेशी वाढवायला लागणारा रक्तातला पातळ द्रव, मागवताना तिनं जुनी वही उघडली. या प्रयोगाला खास गाळलेलं सीरम लागतं, त्यातली हलकी आम्लं काढून टाकलेलं. नाहीतर नवं प्रथिनही हलकंच घडतं आणि जुनं म्हणून मोजलं जातं. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी पेशींपुढे गाळलेल्या सीरमचा क्रमांक होता. रुग्णांच्या सगळ्या पेशींपुढे साध्या सीरमचा. अक्षर तिचंच.

त्याच दुपारी तिनं नेस्बिटना वही दाखवली.

"आधी पुन्हा करून बघू," ते म्हणाले. "तोवर कुणाला बोलू नका, एफी."

ती बोलली नाही. तीन आठवडे राबली. प्रथिन जागा सोडून बाहेर आलं होतं, तेवढं खरं ठरलं. पण हटायला ते निरोगी पेशींइतकाच वेळ घेत होतं. औषधानं हलवावा असा अडकलेला साठाच नव्हता. चाचणी बारगळली.

"भावाला कशाला सांगता?" नेस्बिट म्हणाले. "त्याला आता काय फरक पडणार?"

"त्यानं औषधाच्या आशेवर नळी नको म्हटलंय," एफी म्हणाली आणि कोट चढवून निघाली.

मर्डो खिडकीपाशी बसला होता, त्याची बायको शीना त्याला चमच्यानं दाट सूप भरवत होती. एफीनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

मर्डोचे शब्द आता चिकटत. "म्हणजे... बाटली चुकली?"

"माझ्या हातून चुकली."

तो हसायला गेला, पण खोकलाच आला. "नळीचं... विचार मग."

शीनानं दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी श्वास मोजला आणि मान हलवली. छाती फार अशक्त झाली होती. आता शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. दोन-तीन आठवड्यांपूर्वी आला असतात तर जमलं असतं, म्हणाले.

मर्डो एप्रिलमध्ये गेला. शेवटी हाडांचा सापळा उरला होता.

दफनानंतर शीनानं एफीला बाजूला घेतलं. "तुला कळलं कधी?"

एफी खोटं बोलू शकली असती. "जानेवारीत. एकोणीस तारखेला."

"आणि सांगितलंस नऊ फेब्रुवारीला."

"हो."

"चूक कुणाच्याही हातून होते गं," शीना म्हणाली. "पण तीन आठवडे तू रोज संध्याकाळी येऊन त्याच्याजवळ बसत होतीस."

ती वळून गाडीत बसली. नेस्बिटनी या कामावर छापून आलेला लेख मागे घेताना 'तांत्रिक चूक' एवढंच लिहिलं. एफीनं स्वतःचं नाव घालायला सांगितलं, ते त्यांनी घातलं नाही. एफीनं आणखी पाच वर्षं नोकरी केली. शीनाच्या दारी ती दोनदा गेली. दोन्ही वेळा आत दिवा होता, पण दार उघडलं नाही.