कोरा रोल

थांबामास्तरांचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. स्टुडिओ उघडून आधी फरशी पुसायची. झाडू नाही, ओलं फडकं. झाडलं की धूळ उडते आणि निगेटिव्हवर बसते. आठपर्यंत गिऱ्हाईक नसायचं, पण तोवर सगळं जागच्या जागी असायचं. फोटो काढण्याआधी ते हमखास "थांबा!" म्हणत, म्हणून हे नाव.

मी कारखान्यात लेथवर चौतीस वर्षं काढली. बटण दाबून पोट भरणं मला काम वाटत नसे. मुलीनं शिलाईची नोकरी सोडून फोटो शिकायचं ठरवलं, तेव्हा मी तणतणतच तिच्याबरोबर गेलो.

"फी किती?" मी विचारलं.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "फरशी पुसता येते?"

"येते."

"मग भरली फी."

पहिला आठवडा कॅमेऱ्याला हात नाही. दाराजवळ एक पोचे पडलेली किटली होती. तिच्यावर उजेड सकाळी कुठून येतो, दुपारी कुठं सरकतो, एवढंच बघायचं. पोरगी घरी येऊन वैतागायची. मला मात्र माणूस पटला. आमच्याकडेही नव्या माणसाला महिनाभर मशीनजवळ फिरकू देत नसत.

वर्षभरानं आमचा कारखाना बंद झाला. शेवटच्या शनिवारी, दीडच्या भोंग्यानंतर, आम्हा बेचाळीस जणांचा फोटो काढायचा ठरला. सोमवारपासून कोण कुठं असेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणाले, "हीच काढेल. हिच्या बापाची माणसं आहेत." तिचं हे पहिलं काम. सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं स्वतः रोल भरला. मी समोरच बसलो होतो.

सहा फोटो झाले. रांगा मोडल्या. काहींनी कामाचे शर्ट उतरवून पिशवीत कोंबले, काही फाटकाकडे निघाले. तिनं पुढच्या फोटोसाठी फिल्म सरकवायचा खटका ओढला, तेव्हा मागं हात बांधून उभे असलेले मास्तर पुढं आले. हळूच म्हणाले, "डावीकडची चकती बघ."

चकती जागची हलत नव्हती. आत फिल्म सरकली की ती फिरते. म्हणजे फिल्मचं टोक आतल्या रिळात अडकलंच नव्हतं. सहाच्या सहा फोटो आलेच नव्हते. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांबा!" मास्तर ओरडले. "चूक माझी. रोल मी भरला, नीट अडकवला नाही. पुन्हा उभे राहा."

"मास्तर, चष्मा बदला आता!" फोरमन म्हणाला.

"चष्मा कशाला? मास्तरच बदला!" मागून दुसरा.

सगळे हसले, पण परत आले. एकानं घामट शर्ट पिशवीतून काढून पुन्हा चढवला. मास्तरांनी नवा रोल मुलीच्या हातात दिला. "तूच भर. माझे हात थरथरतात."

त्यांचे हात कधीच थरथरत नव्हते. तिनं रोल भरला, खटका ओढला. चकती फिरली.

कामातलं खोटं मला खपत नाही. संध्याकाळी मी स्टुडिओ गाठला. "मास्तर, रोल हिनं भरला होता."

"माहीत आहे."

"मग?"

"माझं नाव चाळीस वर्षांचं आहे, एवढा ओरखडा सोसेल. तिचं आज सकाळी सुरू झालं."

"म्हणजे चूक करूनही तिला सोडून दिलंत."

"सोडलं कुठं? आत बघा."

आत पोरगी एक वाया गेलेला रोल पुन्हा पुन्हा भरत होती. पन्नास वेळा भरायचा होता. सदतिसावी वेळ चालली होती.

थरथरत्या हातांची बातमी गावभर झाली. मास्तरांची लग्नाची दोन कामं गेली. त्यांनी खुलासा केला नाही, तिलाही करू दिला नाही.

मास्तर पैसे साठवतात, नवा कॅमेरा घेणार, असं लोक म्हणायचे. कॅमेरा शेवटपर्यंत तोच राहिला. साठलेल्या पैशातून त्यांनी स्टुडिओची उत्तरेकडची भिंत फोडून तिथं छतापर्यंत काच बसवून घेतली. शिकाऊ माणसांना महागडे दिवे परवडत नाहीत; उत्तरेचा मऊ उजेड दिवसभर फुकट मिळतो. काचेखाली किटली ठेवली.