बोर्डोच्या गवतातून वाचलेली मेंढी

माझ्या कांद्याच्या वखारीला लागून ज्याची द्राक्षबाग होती, त्या बागायतदाराने मला फसवलं. वर माझीच बदनामी केली.

पिंपळगावात मी आधी हमाली केली आणि नव्वदच्या दशकात स्वतःची वखार उभी केली. त्याच सुमारास शेजारच्या शेतात खतासाठी धनगराचा कळप बसला होता. कळप हलला तेव्हा एका कोकराला चालवेना. धनगराने ते माझ्या हवाली केलं. त्याची पुढे काळी, आडदांड मेंढी झाली. लिलावाहून परतलो की टेम्पोचा आवाज ओळखून ती फाटकाशी यायची. बायको म्हणायची, "अहो, साऱ्या जगावर ओरडता, हिच्यावर कसे ओरडत नाही?"

"ती भाव पाडून मागत नाही," मी म्हणायचो.

बागायतदाराशी माझा सौदा साधा होता. त्याचे रिकामे क्रेट माझ्या टेम्पोतून यायचे आणि त्याच्या बागेतलं गवत माझ्या मेंढीला मिळायचं. ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर मी त्याला तोंडावर विचारलं, "काही फवारलंय का?"

"नाय शेठ, बिनधास्त कापा. फवारायच्या आधी सांगंल ना!"

काही आठवड्यांनी मेंढीने चारा सोडला. उभ्या जागी धापा टाकू लागली. पापणी उलटून पाहिली तर आतून पिवळीधमक, आणि लघवी कोऱ्या चहासारखी. जनावरांच्या डॉक्टरांनी आधी अंगावर गोचिडी शोधल्या. एकही सापडली नाही. माझ्या हातचं जनावर होतं ते.

"गोचिडीचा ताप दिसत नाही. कांदे खाल्ले का? त्यानेही असंच होतं."

"साहेब, मी कांदा विकतो, हिला चारत नाही."

"मग मला तांब्याचा संशय आहे. मेंढीला ते सोसत नाही. यकृतात साठत जातं आणि एक दिवस रक्तच फुटायला लागतं. कुठे मोरचूद पोटात गेलंय का?"

मोरचूद आणि चुना मिळून बोर्डो होतो, आणि द्राक्षावर बुरशीसाठी बोर्डो मारतात हे पिंपळगावात शेंबडं पोरही सांगेल. मी तडक बागायतदाराकडे गेलो.

"नाय म्हणलं ना फवारलं! तुमचेच सडके कांदे खाल्ले असतील तिनं."

माझं डोकं फिरलं. दोन शिव्या हासडल्या आणि बागेत घुसलो. नवी पानं स्वच्छ होती. पण वरचा माल बघून मी कधी गोणी घेतलेली नाही. खाली वाकलो. खोडांच्या सालीत निळसर राप होता आणि बुंध्याजवळच्या गवताच्या बेचक्यांत तीच निळी भुकटी. छाटणीनंतर त्याने खोडं बोर्डोने धुतली होती. गवत बंद झालं तर माझा टेम्पो हातचा जाईल म्हणून बोलला नव्हता. मूठभर गवत उपटून डॉक्टरांपुढे टाकलं.

"हेच," ते म्हणाले. "नजर आहे तुम्हाला."

अंगातलं तांबं काढायला त्यांनी लिहून दिलेलं जनावरांच्या औषधांच्या दुकानात नव्हतंच. अमोनियम मॉलिब्डेट खतांच्या दुकानात मिळालं. दुकानदार अख्खा डबा गळ्यात मारत होता, पण मी भांडून सुटं घेतलं. हायपो, म्हणजे फोटो धुवायचं रसायन, त्यासाठी नाशिकला इंदिरानगरातला स्टुडिओ गाठला.

"मेंढीचा फोटो काढायचाय का काका?"

"आधी जगू दे तिला."

डॉक्टरांनी मोजून दिलेलं औषध पाण्यात विरघळवून मी रोज बाटलीने तोंडाच्या कोपऱ्यातून पाजलं. तोंड जास्त वर धरलं तर ते फुफ्फुसात जातं, म्हणून घोटामागून घोट. बायकोने मान धरायची, मी थांबायचं. लिलावात मला एवढा धीर कधी धरवला नाही. हळूहळू लघवी निवळली. मग एका सकाळी तिने माझ्या हातातल्या कडब्याला हिसका दिला. डॉक्टर म्हणाले, "इथवर गेलेली मेंढी सहसा परत येत नाही. ही तुम्ही आणली." मालाच्या भावासाठी पुष्कळांनी पाठ थोपटली असेल, पण तशी शाबासकी मला कुणी दिली नाही.

ती पुढे कित्येक वर्षं जगली. बागायतदार मात्र बाजार समितीबाहेरच्या टपरीवर मेंढीला माझेच सडके कांदे बाधले असंच सांगत राहिला. पहिल्यांदा तो खोटं बोलला ते टेम्पोसाठी, एवढं मला कळतं. पण मेंढी मरायला टेकली होती, कसलं विष ते कळल्याशिवाय औषध ठरत नव्हतं, तेव्हाही तो "नाय"च म्हणाला. का? त्याच टपरीवर, चार व्यापाऱ्यांसमोर उभं राहून त्याने याचं उत्तर द्यावं.