डावीकडून येणारी गाडी

समोरचा माणूस बोलायला लागला की हेमाताई एक हात वर करायच्या आणि दुसऱ्या हाताने कोरा कागद त्याच्यापुढे सरकवायच्या.

"बोलू नका. काढा."

माणूस गोंधळायचा. मग त्या पेन्सिल द्यायच्या. "रस्ता काढा. तुमची गाडी काढा, त्यांची काढा. चित्र चांगलं नको, खरं पाहिजे." हे त्या हिंदीत सांगायच्या, इंग्रजीत सांगायच्या, बावीस वर्षांत जमवलेल्या मोडक्या अरबीतही सांगायच्या, आणि तिन्ही भाषांत त्यांचा सूर इचलकरंजीचाच असायचा.

बहारीनमधल्या एका विमा कंपनीत, गाड्यांच्या क्लेमच्या काउंटरवर, मी त्यांच्या शेजारी पाच वर्षं बसले. मीना सलमान बंदराजवळच्या गॅरेजांना लागूनच आमचं ऑफिस. इथे किरकोळ धडक झाली तर पोलीस येत नाहीत. चूक कुणाची हे दोघांनी आपसांत ठरवायचं आणि विमा कंपनीत येऊन लिहून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आपली चूक आहे असं ठरवून आलेला माणूस मी पाच वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला. बाकी सगळे घामेजलेले, चिडलेले, फोनवर दोन चुलतभावांना धरून आलेले. आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच. माझी गाडी उभी होती.

"सगळ्यांच्या गाड्या उभ्याच असतात बघ," हेमाताई मराठीत मला म्हणायच्या. "मग ठोकतं कोण?"

सकाळी साडेसातला खांद्यावरची पर्स काढायच्या आधीच त्या म्हणायच्या, "दमले गं."

"आल्या आल्याच?"

"हे कालचं आहे. आजचं दुपारी सुरू होईल."

एसीच्या गारठ्याने त्या बारा महिने राखाडी स्वेटर घालायच्या. त्यांचे यजमान रिटायर होऊन इचलकरंजीला परत गेले होते. या मागे राहिल्या, "दोन वर्षांत येते" म्हणून. त्या दोन वर्षांची सहा झाली होती. गुदैबियातल्या जुन्या इमारतीत त्या एकट्या राहायच्या. मी दोन गल्ल्या सोडून. माझ्याकडे लायसन्स होतं, तिसऱ्या प्रयत्नात मिळालेलं, पण गाडी नवरा घेऊन जायचा. त्यामुळे रोज येताजाता मी हेमाताईंच्या गाडीत, त्यांच्या शेजारी.

त्यांना राग फार कमी यायचा. एकदा आला होता. मुंबईचा एक बँकेतला साहेब आला, मॉलच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी खरवडून. क्लेममध्ये ड्रायव्हर म्हणून त्याने घरच्या ड्रायव्हरचं नाव सांगितलं. सिग्नल तोडल्याचे आणि फोनवर बोलल्याचे दंडाचे पॉइंट त्याच्या लायसन्सवर आधीच जमले होते. त्यात ही आणखी एक चूक नावावर नको होती.

"ड्रायव्हरला घेऊन या," हेमाताई म्हणाल्या. "मला त्याच्याकडून चित्र काढून घ्यायचंय."

"अहो, तो कामावर आहे. आणि त्याला काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर तुमचंच नाव लिहिते."

साहेबांनी आमच्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर बाहेर आले, हसले, साहेबांना आत नेऊन चहा पाजत समजावलं. बाहेर येऊन साहेबांनी स्वतःच्या नावाने सही केली आणि जाताना विचारलं, "प्रीमियम किती वाढेल?"

"वाढेल थोडा. पण तो पेन्सिलने लिहिलेला असतो, साहेब. वर्षभर नीट चालवा, खोडता येतो. त्या माणसाच्या लायसन्सवर तुम्ही लिहिलं असतं ते पेनाने."

तो गेल्यावर त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. मग चष्मा काढून डोळे चोळले. त्या हल्ली फार डोळे चोळायच्या. मी त्याला दमणं समजत होते.

त्यांच्या गाडीच्या डाव्या अंगाला तेव्हा दोन ओरखडे होते. इमारतीच्या पार्किंगमधल्या खांबाला एकाच महिन्यात दोनदा घासलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, "खांबाकडून काय लिहून घ्यायचं?" मी हसले. काउंटरवर मी डाव्या बाजूने चहा ठेवला की त्या दचकायच्या. त्यालाही मी हसायचे.

गुरुवारची दुपार होती, इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. आठवडा संपल्याचा तो एक सैलपणा अंगात होता. घराजवळच्या राउंडअबाउटला आलो. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, त्यामुळे गोलातली गाडी डावीकडून येते आणि तिला आधी जाऊ द्यायचं असतं. मी मुलाचा मेसेज वाचत होते. तो मराठीत विचारलेल्याचं उत्तर नेहमी इंग्रजीत देतो, तेही दोन अक्षरांत. त्या दोन अक्षरांचा अर्थ मी लावत होते आणि आमच्या डाव्या मडगार्डवर धाडकन आवाज झाला.

लाँड्रीची व्हॅन होती. तिचं पुढचं दार आत गेलं होतं आणि मागे टांगलेले अरबांचे इस्त्रीचे पांढरे झगे प्लास्टिकसकट खाली पडले होते. ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा, उत्तर प्रदेशातला, मिशा पिकलेल्या. त्याने आधी आमच्या काचेतून आत पाहिलं.

"मॅडम, लगा तो नहीं?"

हेमाताईंनी मान हलवली. त्यांचे हात अजून स्टिअरिंगवर होते.

मी उतरले. कुणी मला विचारलं नव्हतं. पण मी पाच वर्षं या धंद्यात होते, पहिलं वाक्य कोण बोलतो याला किती महत्त्व असतं ते मला ठाऊक होतं. "आप बहुत फास्ट आ रहे थे," मी म्हणाले.

तो खाली पाहू लागला. "हो सकता है, मॅडम. आप जो बोलेंगी, लिख देते हैं. सेठ ने बोला है, बहस नहीं करना." मग थोडं थांबून, हळूच, "बस, लाइसेंस पे कुछ आएगा तो वो गाड़ी से उतार देंगे. फिर इस्त्री पे."

तरी तो सही करायला तयार होता. गाडीत बसलेल्या ऑफिसच्या बाईपुढे आपलं काही चालणार नाही हे त्याने फार पूर्वीच ठरवून टाकलेलं दिसत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या दाराकडे मी पुन्हा पाहिलं नाही.

हेमाताई उतरल्या. बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी एक गोल काढला. आत व्हॅन काढली. बाहेर आमची गाडी काढली. मग पेन्सिल थांबली.

"तू बघितलंस त्याला येताना?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"हो."

"जोरात येत होता?"

"हो, ताई."

"मग मला का नाही ओरडून सांगितलंस?"

फोन अजून माझ्या हातातच होता.

"मी बघितलंच नाही गं त्याला," त्या म्हणाल्या. "जोरात नाही, हळू नाही. बघितलंच नाही. मान वळवली होती मी. रस्ता मोकळा दिसला." मग त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "भाईसाब, आप गोल के अंदर थे. मैं बाहर से घुसी. गलती मेरी है."

त्याचा विश्वास बसेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू खरं काय ते मी सांगणार होते.

रविवारी तो काउंटरवर आला. स्वतःचा क्लेम हेमाताईंना नियमाने स्वतः लिहिता येत नव्हता, म्हणून फॉर्म माझ्यापुढे. चूक असलेल्या चालकाचं नाव, या रकान्याशी मी थांबले.

"लिही. हेमलता जाधव. थांबतेस काय?"

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, लक्ष नव्हतं. त्यांनी वाकून वाचलं.

"ते खोड. दिसलं नाही, असं लिही."

"एकच ना, ताई?"

"एक कसं? लक्ष नव्हतं तर पुढच्या वेळी देता येतं."

मॅनेजर मागे उभे होते. ते वाईट माणूस नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "हेमाताई, 'दिसलं नाही' लिहिलं की डोळ्यांचा प्रश्न निघेल. उद्या लायसन्सपर्यंत जाईल."

"जाऊ दे साहेब. तिथंच जायला पाहिजे."

व्हॅनवाल्याने तीनदा विचारलं, "इसमें मेरा तो कुछ नहीं लिखा ना?" तिसऱ्यांदा हेमाताईंनी अख्खा फॉर्म त्याला हिंदीत वाचून दाखवला, सहीच्या रेघेपर्यंत. त्याने ऐकलं, मान डोलावली, आभार वगैरे काही मानले नाहीत आणि गेला. दारातून मात्र एकदा वळून पाहिलं, कुणी परत बोलावतंय का ते बघायला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या बाजूची नजर बरीच गेली होती. कधीपासून, हे त्यांनाही सांगता येईना. आतून कळत नाही म्हणाले, मेंदू रिकामी जागा आपली आपण भरून टाकतो. हेमाताई बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं.

"बावीस वर्षं लोकांना खोटारडे म्हटलं," त्या म्हणाल्या. "त्यातले किती जण खरंच बघू शकले नसतील गं?"

औषधाचे थेंब सुरू झाले. आहे तेवढी नजर राहील, इतकंच. लायसन्सचं काम त्यांनी आठवड्याभरात केलं. वाहतुकीच्या ऑफिसात मी सोबत होते. खिडकीतल्या मुलीने कार्ड हातात घेऊन विचारलं, "रिन्यू?"

"नो. खलास."

तिने पुन्हा विचारलं. परत द्यायला सहसा कुणी येत नसावं. हेमाताईंनी स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. मुलगी उठून उभी राहिली आणि खुर्ची आणून दिली.

त्यांची गाडी मी चालवायला घेतली. पहिला आठवडा मी सगळ्यात कडेच्या लेनमधून हळूहळू चालवली. हेमाताई आता माझ्या शेजारी, उजव्या सीटवर बसायच्या, मांडीवर डबा धरून, आणि एका शब्दाने काही सुचवायच्या नाहीत. राउंडअबाउट आला की डबा तेवढा घट्ट धरायच्या. मी डावीकडे पाहायचे, पुन्हा पाहायचे, मागचे हॉर्न वाजवायचे. "वाजवू दे," एवढंच त्या म्हणायच्या. "त्यांचं कालचं आहे."

असे आठ महिने गेले. काम त्या तेच करत होत्या, पण दुपारनंतर कागद नाकाजवळ न्यावा लागायचा. एक दिवस यजमानांचा फोन आला आणि हेमाताईंनी पहिल्यांदा "दोन वर्षांत" म्हटलं नाही, नुसतं "येते" म्हटलं. निरोप समारंभ नको म्हणाल्या. केक आणला तर अर्धा गॅरेजवाल्यांकडे पाठवला.

विमानतळावर मीच सोडायला गेले. बॅगा चढवून झाल्या, ट्रॉली आली, आणि आठ महिने पोटात राहिलेलं मी तिथे, वाहतुकीच्या गोंगाटात विचारलं.

"ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्ही फार चिडला होता का माझ्यावर?"

त्यांनी पूर्ण मान वळवली. आता त्यांना समोरच्याकडे बघायला पूर्ण वळावं लागायचं.

"चिडले नव्हते. स्वतःलाच घाबरले होते," त्या म्हणाल्या. "तो जोरात आला असं तू म्हणालीस ना, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, तुला सांगू? गाडीतून उतरायला वेळ लागला ना, तो ते बरं वाटणं बाजूला सारायला."

मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. त्यांनी माझा दंड दाबला, "यल्ला, निघ आता," म्हणाल्या, आणि ट्रॉली ढकलत आत गेल्या, दारापाशी एकदा थांबून, डावीकडे नीट बघून.