हात धुऊन उभा राहणारा डॉक्टर

ऑपरेशन करायचं नसलं तरी ठवकर सर कोपरापर्यंत हात धुवायचे. गाऊन, हातमोजे घालून पेशंटजवळ उभे राहायचे. ऑपरेशन करणारे निखिल डॉक्टर दिल्लीत पडद्यासमोर बसलेले असत. तिकडे त्यांची बोटं हलली की इकडे नागपुरात आमच्या टेबलावर रोबोटचे हात हलत. मध्येच लाईन तुटली तर पोट उघडून पुढचं काम हातानं करायला सर्जन लागतो, म्हणून सर.

"लग्नातला दुसरा नवरदेव आहो मी," ते म्हणायचे. "पहिला पळाला तरच मले बाशिंग."

पहिला कधी पळाला नाही. निखिल डॉक्टर सरांच्याच हाताखाली शिकलेले.

सर पारशिवनीकडचे, शेतकऱ्याघरचे. थिएटरातही गावचीच बोली. मी उमरेडच्या विणकराची मुलगी, घरातली पहिली ग्रॅज्युएट. नर्सिंगची डिग्री मेहनतीनं घेतलेली, म्हणून कामावर ठरवून शुद्ध बोलायचे. सर विचारायचे, "काहून वं, पुण्याले सासर आहे का तुहं?" मला राग यायचा. सर गेल्याला आता वर्ष होत आलं. असं चिडवणारं कोणी उरलं नाही.

त्यांना जठराचा कॅन्सर निघाला. गाठ पूर्ण काढता आली तरच ते वाचणार होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांना दिल्लीला नेणार होत्या. सरांनी ऐकलं नाही. टेबल इथलंच, आणि तिकडून हात निखिलचाच.

ऑपरेशनच्या दिवशी कॅमेरा आत गेला आणि रोबोटचे हात जागच्या जागी थांबले. सरांच्या जागी उभा असलेला ज्युनिअर घाबरला, त्याला वाटलं लाईन तुटली. टेक्निशियननं पाहून सांगितलं, लाईन सुरू आहे. मग आम्ही सगळ्यांनीच पडद्याकडे पाहिलं. पोटभर कॅन्सरचे पांढरे दाणे पसरले होते. आता गाठ काढून उपयोग नव्हता. दिल्लीहून आवाज आला, "बंद करा."

सर शुद्धीवर आले तेव्हा मी शेजारी होते. त्यांचा हात चादरीखाली पोटावरून फिरला. जठर काढलं की पोटात नळी ठेवतात. ती ते शोधत होते. मी म्हणाले, हल्ली नळी न ठेवण्याची पद्धत आहे.

"मले शिकवून राहिली का वं?"

मी खाली पाहिलं. मग त्यांनी विचारलं, निखिल काय बोलला. 'बंद करा' एवढंच, मी सांगितलं.

"फोन लाव त्याले."

मी फोन त्यांच्या कानाशी धरला. तिकडून शब्द येत नव्हते, नुसतं रडणं.

"काहून रडून राहिला गा? बराबर केलं तू. मी बी बंदच केलं असतं." मग दम घेऊन, "जेवला का? जेवून घे पहिले."

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले,

"आता तुह्या काकूले बोलाव. तिले मीच सांगतो."

काकू दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, गाठ निघाली ना? मी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.