आत्याला राग आला

काशीत राग जिंकलेले साधू पुष्कळ भेटतात. त्या सगळ्यांनी टाकून दिलेला राग माझ्या आत्याने गोळा करून ठेवला आहे. मंगला गौरीच्या गल्लीत चाळीस वर्षं ती ख्याल गायली आणि मी तिच्यामागे पेटी धरली. रागाच्या वेळेबाबत महाकडक. दारावरची घंटी भर संध्याकाळी सकाळच्या भैरवाचे सूर वाजवते म्हणून तिने घंटीतले सेलच काढून टाकले. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज फाटला. आत्याने तानपुऱ्याला गवसणी घातली. दोन वर्षं मी रोज जाऊन सांगायचो, "आत्या, आता आराम कर." प्रेमानेच सांगत होतो.

त्यात वरच्या मजल्यावर विद्यापीठात शिकवणारा एक भाडेकरू आला, इलेक्ट्रिक गिटारसकट. एका सकाळी आत्या तरातरा जिना चढली, मागोमाग मी. संतापली की तिचं हिंदी आटतं. दारातच माझ्याकडे वळून म्हणाली, "मला राग आलाय, सांग याला." त्या बापड्याला त्यातला एकच शब्द कळला. गिटार बाजूला ठेवून त्याने अदबीने विचारलं, "कौन सा, बुआजी?"

आत्या खाली बसली आणि म्हणाली, "भोर का." म्हणजे पहाटेचा.

त्यातून वर्षभरात चक्क रॉक अल्बम निघाला. कल्पना आत्याचीच: रागांना प्रहर असतात, तसे रागावण्यालाही असतात. आठ प्रहर, आठ गाणी. पहाटेचा राग पंचगंगा घाटावर चष्मा पळवणाऱ्या माकडावर, दुपारचा भाजी 'चिरते' न म्हणता 'काटते' म्हणणाऱ्या सुनेवर. सून आता ते गाणं लावूनच भाजी काटते. गल्लीतल्या शास्त्रीबुवांनी विचारलं, "हे गाणं की भांडण?" आत्या म्हणाली, "भांडणच. पण तालात आहे."

रेकॉर्डिंग भाडेकरूच्या खोलीतच, भिंतींना रजया टांगून. शेवटच्या गाण्यात वरच्या षड्जावर तिचा आवाज चिरकला. "बुआजी, एक बार और ले लें?" त्याने विचारलं. "रहने दो," आत्या म्हणाली.

जिना उतरताना मी विचारलं, हा राग कुणावर?

"तुझ्यावर. दोन वर्षं आराम कर, आराम कर. एकदा तरी म्हणायचंस, फाटक्या आवाजात गा."

त्या अल्बममध्ये माझी पेटी नाही. गिटारपुढे तिची गरजच नव्हती. पण एका गाण्यात मी आहे, आणि त्यासाठी मी आत्याचा ऋणी आहे. माझ्यावर इतक्या सुरात कुणी कधी रागावलं नव्हतं. यापुढे कुणी रागावेल, असंही वाटत नाही.